मजकूर सोडून बाकीचं

६ जानेवारी २००१, शनिवार

कुरुमच्या ज्या ऑफिसात एकोणीस वर्षं नोकरी केली, तिथल्या लोकांनी निरोपाच्या दिवशी मला केक दिला, घड्याळ दिलं आणि ही जाडजूड डायरी दिली. केक संपला. घड्याळ नवऱ्याला, रेमंडला आवडलं, तोच घालतो. डायरी माझी. मराठीतच लिहिणार आहे, म्हणजे लेकीने, रोशेलने चोरून उघडली तरी दुसऱ्या ओळीत तिची दमछाक होईल.

इथे आता नोकऱ्या आधी इथल्या लोकांना, म्हणून माझी जागा एका ओमानी मुलीला मिळाली. तिला तीन महिने मीच शिकवलं. मुलगी गुणी आहे, पण शॉर्टहँडची वही बघितली की तिला हसू यायचं. साहेब लोकही आता आपली पत्रं आपणच कॉम्प्युटरवर बडवतात, मग स्टेनो कशाला हवी? तक्रार नाही. पण एकशे वीस शब्दांचा स्पीड असलेल्या बाईने अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये बसून वाटाणे सोलावेत हे मला पटत नाही.

आणि देवाने लगेच सोय केली. रेमंड हॉटेलात पार्ट्या-समारंभांचं काम बघतो. तिथे परवा एका लेखिकेचा सत्कार होता. बीबी झुवैना. जन्म झांझिबारचा, चार कादंबऱ्या इंग्रजीत, नैरोबी आणि लंडनला छापलेल्या. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली आहे. पाचवी कादंबरी तोंडी सांगायची आहे आणि उतरवून घेणारं कुणी मिळत नाही. रेमंड म्हणाला, "माझ्या घरी आहे." या माणसाने इतक्या वर्षांनी माझं कौतुक परस्पर का होईना, केलं.

९ जानेवारी, मंगळवार

अल हैलला गेले. समुद्रापासून दोन गल्ल्या आत घर. दार वजीराने उघडलं. ही श्रीलंकेची बाई, त्यांचं घर सांभाळते. "मादाम, धीरे बोलना नहीं, बीबीका कान बहुत अच्छा है," असं तिने आधीच बजावलं.

बीबी अडुसष्ट वर्षांच्या, उंच, आवाज शाळेतल्या बाईंचा. मोंबासाला वीस वर्षं मुलींना शिकवलं आहे. पहिली कादंबरी म्हणे इस्त्रीच्या टेबलावर उभ्याने लिहिली, कारण बसलं की वह्या तपासायचं आठवायचं. मला विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, डिलन मुंबईला इंजिनिअरिंगला, रोशेल इथे बारावीला.

"मग तू मामा डिलन," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मामा म्हणजे आई, बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात."

मी विचारलं, टेपरेकॉर्डर का नाही वापरत? तर म्हणाल्या, "टेप चालू झाली की मी भाषण देते. मला समोर माणूस लागतो."

इथले लोक त्यांना झांझिबारी म्हणतात आणि झांझिबारचे लोक त्यांना अरब म्हणतात. त्या स्वतःला आफ्रिकन लेखिका म्हणवतात आणि यावर वाद घालत नाहीत. ही कादंबरी शेवटची. चार पुस्तकांत जे आणायला जमलं नाही ते हिच्यात यायलाच हवं, नाहीतर कधीच नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. नैरोबीच्या प्रकाशक बाईंना एप्रिलअखेर मजकूर हवा आहे. मी म्हटलं, मिळेल.

१४ जानेवारी, रविवार

काम झकास चाललंय. नऊला सुरुवात, बाराला खलास. बीबींच्या मांडीवर दोन वाट्या असतात, एकीत चिंचोके. एक परिच्छेद सांगून झाला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. अठरा झाले की त्या दिवसाचं काम पुरं. घरी येऊन मी रोशेलच्या कॉम्प्युटरवर टाइप करते.

एकच अडचण आहे. वसईला शांताराम सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की साहेब जे बोलतो ते सगळं लिहायचं नसतं. मजकूर वेगळा आणि बाकीचं वेगळं. साहेब छताकडे बघून बोलला की लिहा, खिडकीकडे बघून बोलला की पेन्सिल थांबवा. चहा थंड झाला, बायकोचा फोन आला होता, हे पत्रात गेलं तर नोकरी जाते. मी एकोणीस वर्षांत साहेबांचा एकही सुस्कारा पत्रात जाऊ दिला नाही.

बीबींना दिसतच नाही, त्यामुळे त्या कायमच खिडकीकडे तोंड करून बसतात. मग मी आवाजावरून ठरवते. आवाज खणखणीत असला की मजकूर. आवाज उतरला, मधे थांबल्या, की बाकीचं. आज लवंगांच्या व्यापाराविषयी सांगता सांगता मधेच म्हणाल्या, "म्वाजुमा लवंगा पायाने पसरवायची. तिच्या टाचा वर्षभर तपकिरी असायच्या. आम्ही दोघी एकाच आईच्या दुधावर वाढलो. तिच्या आईच्या." मी पेन्सिल थांबवली. दोन मिनिटांनी पुन्हा व्यापार सुरू झाला, मीही सुरू झाले.

२४ जानेवारी, बुधवार

कादंबरीबद्दल खरं सांगायचं तर मला जांभया येतात. सुलेमान नावाचा व्यापारी, त्याचा मुलगा, त्याचा नातू. लवंगांचे भाव, गव्हर्नरच्या मेजवान्या, कोण कुठल्या खुर्चीवर बसला. इंग्रजी सुरेख आहे, पण चहात पडलेल्या बिस्किटासारखी गोष्ट हातात येत नाही. मी हे कुणाला बोलणार नाही.

बीबी मधेमधे भरकटतात त्यातच जास्त गंमत असते. म्हणून ते इथे लिहून ठेवते, नाहीतर दुपारी घरात कुणी नसतं, सांगणार कुणाला? आज म्हणाल्या, "वडिलांनी मोंबासाहून माझ्यासाठी हाताने फिरवायचं शिलाई मशीन आणलं. मला कधीच जमलं नाही. म्वाजुमाने दोन दिवसांत शिकून घेतलं. आमच्या घरातले सगळे कपडे तिने शिवले, तिच्या वस्तीतलेही. बायका तिला मशीनवाली म्हणायच्या. मशीन माझं होतं." मग हसल्या. "मला अजून सुईत दोरा ओवता येत नाही."

ते मशीन अजून खोलीत आहे. लाकडी झाकण लावून कोपऱ्यात, वर टेलिफोन. मी विचारलं, इतकं जुनं जपून ठेवलंय? त्या म्हणाल्या, "चल, पुढे. गव्हर्नरची बायको."

१२ फेब्रुवारी, सोमवार

मधे चार दिवस दाढ दुखत होती, काही लिहिलं नाही. टायपिंग एकदाही चुकवलं नाही. एकशे दहा पानं झाली. माझ्याशिवाय या बाईचं काय झालं असतं?

आज सातव्या प्रकरणाच्या मधे बीबींचा चिंचोका हातातच राहिला. चौसष्ट साली झांझिबारला उठाव झाला, अरबांची घरं शोधून शोधून माणसं मारत होते, हे सगळं पुस्तकात कोरडं कोरडं सांगून झालं होतं. मग आवाज उतरला. "तीन रात्री म्वाजुमाने आम्हाला तिच्या झोपडीत ठेवलं. मी, आई आणि वडील. नारळाच्या गोण्यांमागे. शोधणारे दारात आले तेव्हा ती म्हणाली, आत माझ्या पोरांना गोवर आलाय, या, बघा. कुणी आत आलं नाही. तिला मूलच नव्हतं."

मी पेन्सिल खाली ठेवून ऐकत होते. मग बीबी खाकरल्या आणि म्हणाल्या, "सुलेमानच्या नातवाने दुकानाला कुलूप लावलं," आणि ते मी उतरवून घेतलं.

संध्याकाळी रोशेलने विचारलं, "मम्मा, तू काय लिहिते एवढं? इज इट अबाउट मी?" मी म्हटलं, तुझ्याबद्दल लिहायला तू काय केलंस अजून? ती फुगून अभ्यासाला बसली, म्हणजे एक काम झालं.

२८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आज मी एक चांगलं काम केलं आहे असं मला वाटतं.

शेवटचं प्रकरण चाललं होतं. बीबी अकराव्या चिंचोक्यावर थांबल्या. मग इतक्या हळू बोलायला लागल्या की मला खुर्ची पुढे घ्यावी लागली. "चौथ्या दिवशी पहाटे गलबत होतं. नाखवा म्हणाला, अजून एकच जागा आहे. माणूस घ्या नाहीतर सामान घ्या. म्वाजुमा किनाऱ्यावर उभी होती. आम्हाला लपवलं हे वस्तीत कळलं होतं. मी म्हटलं, मशीन. तिला सांगितलं, तू पुढच्या फेरीला ये. पुढची फेरी नव्हती. मला ते ठाऊक होतं."

असलं कुणी उतरवून घेत नाही. मी वहीवरून हातच काढून घेतला. डोळे नसले तरी माणसाला लाज असते, आणि म्हाताऱ्या बाईच्या तोंडून निसटलेलं झाकून ठेवणं हे स्टेनोचं काम आहे. रेमंडला सांगितलं तर तो म्हणाला, "बरोबर केलंस. शी इज ओल्ड, बिचारी बोलून गेली असेल."

पण इथे खरं लिहिते. मशीनला जागा दिली आणि माणसाला नाही. तेही जिला दोरा ओवता येत नाही तिने. ही कसली बाई? संध्याकाळी चर्चमध्ये कपाळावर राख घेतानाही माझ्या डोक्यात तेच होतं. मला बीबी आवडायला लागल्या होत्या, आता आवडेनाशा झाल्या. मी असते तर म्वाजुमाला हाताला धरून ओढून घेतलं असतं.

४ मार्च, रविवार

कादंबरी संपली. एकशे बेचाळीस पानं, एक खाडाखोड नाही. एप्रिलअखेर म्हटलं होतं, मी मार्चच्या सुरुवातीला हातात दिली. ईदनंतर सगळी पहिल्यापासून वाचून दाखव म्हणाल्या.

१२ मार्च, सोमवार

आधी घडलं ते लिहिते, रागावेन नंतर.

शनिवारपासून तीन दिवस वाचत होते. बीबी ताठ बसून ऐकत होत्या. आज शेवटचं पान वाचलं, कागद सारखे केले आणि शाबासकीची वाट बघत बसले.

"आता बाकीचं वाच," त्या म्हणाल्या.

"संपलं, बीबी."

"म्वाजुमा कुठे आहे?"

मला क्षणभर काही कळलं नाही. मग म्हटलं, "ते तुम्ही मधेमधे स्वतःशी बोलत होतात. मजकूर नव्हता तो. डिक्टेशनमध्ये तसलं घ्यायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"शांताराम सरांनी. वसईला आमचे शॉर्टहँडचे सर."

बीबींनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे एका माणसाने वसईत बसून माझी कादंबरी कापली."

मी म्हटलं, त्यात काय, पुन्हा सांगा, या वेळी एक शब्द सुटणार नाही. त्यांनी मान हलवली. "मामा डिलन, व्यापारी, गव्हर्नर, ही सगळी भिंत होती. ती बांधत राहिले की मधल्या फटीतून ते बाहेर यायचं. पस्तीस वर्षं चार पुस्तकांत ते येत नव्हतं. या वेळी आलं. मला वाटलं, तू लिहितेयस. पेन्सिलचा आवाज थांबायचा, मला वाटायचं, तू इतकी भराभर लिहितेस की आवाजच येत नाही."

तरी त्यांनी प्रयत्न केला. "म्वाजुमा ही माझी दूधबहीण होती. ती अत्यंत धैर्यवान स्त्री होती." तीन वाक्यं झाली आणि त्यांनी चिंचोक्यांची वाटी हाताने उडवून दिली. "भाषण," म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नकोस." वजीरा आणि मी गुडघ्यांवर बसून चिंचोके वेचले.

माझी चूक नाही. एकोणीस वर्षांत कुणी चूक काढली नाही. ज्याला जे लिहून हवं असतं ते त्याने तसं सांगावं.

१५ मार्च, गुरुवार

तीन दिवस वाटाणे सोलतेय. वजीराचा फोन आला होता. "मादाम, बीबी खाना नहीं खाता. सारा दिन ऐसेच बैठता है." मी म्हटलं, मी काय करू? ती म्हणाली, "मालूम नहीं मादाम, आपको मालूम होगा." वर पुन्हा मलाच मालूम.

दुपारी राग काढायला म्हणून ही डायरी उघडली आणि मागची पानं चाळली. आणि चक्क सगळं इथे आहे. लवंगांच्या टाचा, मशीनवाली, गोवर, गलबत. मी घरी आल्यावर आठवून आठवून लिहिलंय, आणि माझी आठवण म्हणजे काय साधीसुधी नाही. शब्दाला शब्द नसेल, मराठीत आहे, पण काही सुटलेलं नाही. रेमंडला फोन केला तर तो पार्टीच्या गडबडीत होता. म्हणाला, "सी? तू उगाच टेन्शन घेत होतीस."

आज आणि उद्या बसून त्यातलं बीबींचं तेवढं इंग्रजीत टाइप करते. बिस्किट, जांभया, ही कसली बाई, हे माझं आहे, ते अर्थातच नाही घेणार.

१७ मार्च, शनिवार

सात पानं घेऊन गेले. दारातच सांगितलं की सगळं सापडलं आहे. कुठे सापडलं ते विचारल्यावर खरं सांगितलं. बीबी उभ्याच राहिल्या, मग म्हणाल्या, "वाच."

वाचलं. व्यवस्थित, सावकाश, शाळेत वाचतात तसं. मला वाटलं होतं की त्या माझा हात धरतील वगैरे. त्या म्हणाल्या, "शब्द माझेच आहेत. पण मी हे हवेत बोलत होते का? यातून तू कुणाला तरी काढलंयस."

"कुणाला नाही, बीबी."

"मी शिक्षिका होते, मामा डिलन. वहीतलं पान फाडलं की मला शिवणीवरून कळायचं."

मी कागद मांडीवर ठेवले. मग सांगितलं की मला काढलंय. मी ऐकताना काय वाटलं ते लिहिलेलं होतं, ते माझं खाजगी आहे.

"मला ते हवंय," त्या म्हणाल्या. "ज्याने ऐकलं त्याच्याशिवाय हे उभं राहणार नाही. पण डायरी तुझी आहे. नाही म्हणालीस तर मी दुसऱ्यांदा मागणार नाही."

१८ मार्च, रविवार

गेले नाही. विचार करत होते.

रेमंड सकाळी कामावर जाता जाता म्हणाला, "सगळं वाचू नकोस. शी विल फील बॅड. थोडं गोड करून सांग." हा माणूस सत्तावीस वर्षं पाहुण्यांना गोड बोलतोय, त्याचं खरं आहे. मलाही गोड करता येईल. डायरी मराठीत आहे, बीबींना दिसत नाही, मी काहीही वाचलं तरी कोण पकडणार?

पण तेच तर मी दोन महिने केलं. माझ्या मनाने ठरवलं, काय त्यांचं आणि काय नाही. मी त्यांची अब्रू झाकली असं लिहिलंय वर, राखेच्या बुधवारी. मला आता त्याची खात्री वाटत नाही. मला ते ऐकायला नको होतं, हेही असेल. हे लिहायला मला आवडत नाहीये, पण ऑफिसची डायरी आहे, पानं मोजून दिलेली आहेत, फाडणार नाही.

भीती एवढीच आहे की त्या मला घालवतील. वाटाण्यांची नाही. मला त्या घरी जायची सवय लागली आहे.

१९ मार्च, सोमवार

ही डायरी घेऊन गेले आणि सरळ मराठीवरून इंग्रजी करत वाचली. काही म्हणजे काही सोडलं नाही. बिस्किटाशी आल्यावर आवाज जरा चाचरला. बीबी खो खो हसल्या. "गव्हर्नरची मेजवानी लिहिताना मलाही झोप यायची," म्हणाल्या. माझ्याशिवाय या बाईचं काय झालं असतं, तिथे म्हणाल्या, "हे बरोबर आहे."

मग अठ्ठावीस फेब्रुवारी. मी पाणी मागितलं. वजीराने आणून दिलं. प्याले आणि वाचलं. मशीनला जागा दिली आणि माणसाला नाही. तेही जिला दोरा ओवता येत नाही तिने. ही कसली बाई. आवडेनाशा झाल्या. हाताला धरून ओढून घेतलं असतं.

बाहेर कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती. बीबींचे दोन्ही हात मांडीवर होते. मला वाटलं, झालं.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"आईवडिलांनी हे कधी म्हटलं नाही," बीबी म्हणाल्या. "ते म्हणायचे, तेव्हा कुणाला काय सुचत होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू लहान होतीस. मी एकतीस वर्षांची होते. सगळ्यांनी मला माफ केलं, मामा डिलन, आणि माझं तोंड बंद केलं. तू पहिलीच, जी रागावली." त्यांनी चिंचोक्यांची वाटी मागितली. "हे असंच पुस्तकात जाईल. तुझ्या शब्दांत. उद्या ये."

मी म्हटलं, येईन, पण आवडेनाशा झाल्या हे तेव्हाचं होतं. त्या म्हणाल्या, "ते तू ठरवू नकोस आत्ता. अजून सगळं सांगितलेलं नाही."

२४ मार्च, शनिवार

आठवडाभर नवं काम चाललंय. सुलेमान आणि गव्हर्नर गेले, त्यांची फक्त नावं राहिली आहेत. आता मी सगळं उतरवते. बीबी शिंकल्या तर तेही. आज पुन्हा किनाऱ्याशी आलो.

गलबत, नाखवा, एकच जागा, मी म्हटलं मशीन. तिथे त्या थांबल्या आणि चिंचोका टाकायला निघाल्या. मला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. आमच्या आईकडे तसलं हातमशीन होतं, ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला आम्ही दोघी बहिणी लागायचो. डिक्टेशन घेताना प्रश्न विचारत नाहीत. पण नियम आता कुठले राहिलेत?

"बीबी, एवढं जड मशीन तुम्ही पाण्यातून गलबतात चढवलंत कसं? वडील म्हातारे, आई आजारी होती म्हणालात."

त्यांचा हात वाटीवर तसाच राहिला.

"मी नाही चढवलं," त्या म्हणाल्या.

मी लिहीत होते.

"म्वाजुमाने चढवलं. नाखव्याचं बोलणं तिने ऐकलं होतं. माझंही ऐकलं होतं. तिने ते डोक्यावर घेतलं आणि पाण्यात शिरली. पाणी छातीपर्यंत होतं. भिजू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी वर धरलं होतं. गलबताच्या कडेवरून माझ्या पुढ्यात ठेवलं, नीट बसलं का म्हणून हलवून बघितलं. मला म्हणाली, तेल घालत जा, नाहीतर गंजेल."

मी विचारलं, आणखी काही म्हणाली?

"नाही. वळून किनाऱ्याकडे गेली. अंगावरचं ओलं कापड पिळत उभी राहिली."

मी विचारलं, पुढे तिचं काय झालं? बीबी म्हणाल्या, "कधी कुणाला विचारलं नाही. कुणीतरी सांगेल म्हणून."

मला आता त्यांचा राग येत नव्हता आणि कीवही येत नव्हती. मला फक्त ती बाई दिसत होती, कापड पिळणारी. मी विचारलं, "तिने हात केला का तुम्हाला?"

"केला."

"आणि तुम्ही?"

"मी नाही केला," बीबी म्हणाल्या. "समुद्र खवळला होता, गलबत हलत होतं. मी दोन्ही हातांनी मशीन धरून बसले होते."